विद्येचें कर्ज आणि शेतकऱ्याचें घर

शेतकऱ्याच्या घरीं कर्ज ही वस्तु नवी नाहीं. बियाण्याचें कर्ज, बैलांचें कर्ज, विहिरीचें कर्ज, लग्नाचें कर्ज, या साऱ्यांची ओळख आमच्या वाडवडिलांपासून चालत आलेली आहे. परंतु गेल्या पंचवीस वर्षांत या यादींत एका नव्या कर्जाची भर पडली आहे, आणि तें म्हणजे मुलाच्या अगर मुलीच्या उच्च शिक्षणासाठीं बँकेकडून काढलेलें कर्ज. बियाण्याच्या कर्जाचा हिशेब शेतकरी बोटांवर सांगतो. विहिरीच्या कर्जांत मुद्दल किती व व्याज किती हेंहि तो जाणतो. या नव्या कर्जाच्या कागदावर मात्र तो मुलाच्या तोंडाकडे पाहून सही करतो आणि कागद ट्रंकेंत ठेवून देतो. पुढें चारपांच वर्षांनीं तोच कागद उलगडण्याची पाळी येते, तेव्हां घराचा धीर सुटतो. म्हणून हें कर्ज कोठून आलें, तें कसें वाढतें, थकल्यास काय होतें, आणि यांत सरकारचें धोरण काय आहे व काय असावें, याचा विचार आमच्या शेतकरी बंधूंपुढें मांडण्याचें आम्ही योजिलें आहे.

आमची सारी नोकरी तहसील कचेरींत महसूल वसुलीच्या कागदांत गेली. त्यामुळें आतांहि ओळखीचे लोक कागद वाचून घेण्यास आमच्याकडे येतात. दोन वर्षांपूर्वीं असेच एक गृहस्थ आले. पांच एकर जिराईत जमीन, स्वभाव सरळ, सोसायटीचें पीककर्ज दरसाल मुदतींत भरणारे. त्या वर्षीं त्यांनीं बँकेकडे पीककर्ज मागितलें असतां तें नाकारण्यांत आलें, आणि कारण त्यांस कांहीं केल्या समजेना. आम्ही कागद पाहिले. मुलाच्या इंजिनिअरिंगच्या शिक्षणासाठीं चार लाखांचें कर्ज काढलेलें होतें व त्याचे हप्ते चौदा महिने थकले होते. गृहस्थ म्हणाले, "कर्ज पोराचें आहे, मी नुसता सहीपुरता." पण कागदावर ते सहीपुरते नव्हते, ते सहकर्जदार होते. बँकेचीं पत्रें मुलाच्या जुन्या वसतिगृहाच्या पत्त्यावर जात होतीं. मुलगा परगांवीं एका कारखान्यांत अल्प पगारावर होता, हप्ता भरवत नव्हता, आणि बापास सांगण्याची लाज वाटे म्हणून दोन दिवाळ्या घरीं आला नव्हता. या घरांत कोणी लबाड नव्हतें, कोणी उधळ्या नव्हतें. दोघांसहि कागद समजला नव्हता, एवढेंच.

हें कर्ज आलें कोठून?

उच्च शिक्षणाचा खर्च कोणीं सोसावा हा वाद जुना आहे. महात्मा जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जें निवेदन केलें, त्यांत त्यांचा मुख्य आक्षेप असा होता कीं, सरकारच्या तिजोरींतील पैसा बहुतांशीं रयतेच्या श्रमांतून येतो आणि तो खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो. रयतेच्या मुलांस प्राथमिक शाळाहि धड मिळत नाहीं. पुढें कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था काढली आणि 'कमवा व शिका' या मार्गानें गरिबाच्या मुलास श्रमाच्या बळावर शिकण्याची वाट करून दिली. त्या वाटेंत कष्ट होते, परंतु शिक्षण संपलें त्या दिवशीं मुलाच्या डोक्यावर देणें नव्हतें.

स्वातंत्र्यानंतर बहुतेक महाविद्यालयें सरकारी तरी होतीं किंवा सरकारी अनुदानावर चालत, व फी माफक असे. १९६३ सालीं केंद्र सरकारनें राष्ट्रीय कर्ज शिष्यवृत्ति नांवाची योजना सुरू केली. तींत गरजू व हुषार विद्यार्थ्यास बिनव्याजी रक्कम मिळे व ती नोकरी लागल्यावर फेडावयाची असे. हेतु उत्तम होता, पण पैसे देणारें खातें एक, वसूल करणारें दुसरें, विद्यार्थी तिसऱ्याच गांवीं, अशा कारभारामुळें वसुली फारच थोडी झाली व योजना मागें पडली.

महाराष्ट्रांत खरें वळण १९८३ सालीं आलें. त्या वर्षीं वसंतदादा पाटील यांच्या सरकारनें विनाअनुदान तत्त्वावर खासगी इंजिनिअरिंग कॉलेजें काढण्यास परवानगी दिली. यामुळें जागा वाढल्या, परराज्यांत देणग्या देऊन शिकावयास जाण्याची गरज कमी झाली, आणि खेड्यांतील मुलांस इंजिनिअर होण्याची दारें उघडलीं, हें नाकारतां येणार नाहीं. परंतु कॉलेज चालविण्याचा खर्च यापुढें सरकारच्या तिजोरींतून न येतां मुलाच्या बापाच्या खिशांतून येऊं लागला. खिसा रिकामा असेल त्यानें काय करावें? या प्रश्नास सरकारनें दिलेलें उत्तर म्हणजे शैक्षणिक कर्ज. २००१ सालीं बँकांच्या संघटनेनें तयार केलेली नमुना योजना रिझर्व्ह बँकेनें सर्व बँकांस कळविली, आणि तेव्हांपासून हें कर्ज गांवोगांवीं पोचलें.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. कोठारी आयोगानें १९६६ सालच्या आपल्या अहवालांत राष्ट्रीय उत्पन्नाचा सहावा नव्हे, तर शेंकडा सहा इतका भाग शिक्षणावर खर्च व्हावा असें सुचविलें होतें. २०२० सालच्या नव्या शैक्षणिक धोरणांत तोच शेंकडा सहाचा आंकडा पुनः लिहिला आहे. चोपन्न वर्षांनीं तोच आंकडा उद्दिष्ट म्हणून लिहावा लागला, यावरून मधल्या काळांत तें गांठलें गेलें नाहीं हें उघड आहे. जो खर्च सरकारनें केला नाहीं, त्याचा कांहीं भाग आज कर्जाच्या रूपानें घराघरांत येऊन बसला आहे.

व्याजाचा हिशेब

आतां हें कर्ज वाढतें कसें तें पाहूं. या कर्जांत शिक्षण चालू असतां, व त्यापुढें एक वर्ष, हप्ता भरावा लागत नाहीं. पुष्कळ लोक यावरून असें समजतात कीं, तेवढ्या काळांत व्याजहि चालत नाहीं. ही समजूत चुकीची आहे. हप्ता थांबतो, व्याज थांबत नाहीं. त्या मुदतींत सरळ व्याज चढत राहतें व मुदत संपतांच तें मुद्दलांत मिळविलें जातें.

समजा, मुलानें चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठीं दरसाल एक लाख याप्रमाणें चार लाख रुपये घेतले, आणि व्याजाचा दर सोईसाठीं दरसाल दरशेंकडा १० धरला. पहिला लाख पांच वर्षें चालला, त्याचें व्याज ५०,००० रुपये. दुसऱ्याचें चार वर्षांचें ४०,०००, तिसऱ्याचें ३०,०००, चौथ्याचें २०,०००. एकूण व्याज १,४०,००० रुपये. म्हणजे पहिला हप्ता भरण्याच्या दिवशींच चार लाखांचे ५,४०,००० रुपये झाले. हें देणें दहा वर्षांत फेडावयाचें तर दरमहा सुमारें ७,१३६ रुपयांचा हप्ता बसतो व एकूण सुमारें ८,५६,००० रुपये भरावे लागतात. तेंच पंधरा वर्षांत फेडावयाचें म्हटलें तर हप्ता सुमारें ५,८०३ रुपयांवर उतरतो, पण एकूण भरणा १०,४४,००० रुपयांच्या वर जातो. हलका हप्ता हवासा वाटतो, परंतु त्या हलकेपणाची किंमत येथें जवळजवळ एक लाख अठ्ठ्याऐंशी हजार रुपये आहे.

याच्या उलट, शिक्षण चालू असतांनाच दरमहा नुसतें व्याज भरीत गेलें तर काय होईल? पहिल्या वर्षीं महिना सुमारें ८३३ रुपये, दुसऱ्या वर्षीं १,६६७, तिसऱ्या वर्षीं २,५००, आणि त्यापुढें ३,३३३ रुपये भरावे लागतील. मग हप्ता सुरू होतांना देणें चार लाखच राहील, दहा वर्षांचा हप्ता सुमारें ५,२८६ रुपये बसेल, आणि आधीं भरलेलें व्याज धरूनहि एकूण भरणा सुमारें ७,७४,००० रुपये होईल. म्हणजे ब्याऐंशी हजारांची बचत झाली. शिवाय नमुना योजनेंत असें व्याज वेळचे वेळीं भरणारास दरांत शेंकडा एकपर्यंत सूट देण्याची तरतूद आहे. ज्याच्या घरीं दुभतीं जनावरें आहेत व दर दहा दिवसांनीं दुधाचा पैसा येतो, त्यास पहिल्या दोन वर्षांचें व्याज भरणें अवघड नाहीं. सर्वांस तें साधेल असें आम्ही म्हणत नाहीं, पण साधेल त्यानें सोडूं नये.

सरकारी साह्य कोणतें?

ज्या कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न साडेचार लाख रुपयांपर्यंत आहे, त्यांच्या मुलांस तांत्रिक व व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठीं शिक्षणाच्या काळांतील व पुढील एका वर्षाचें सर्व व्याज केंद्र सरकार भरतें. ही व्याज अनुदानाची योजना २००९ सालीं सुरू झाली. वरील उदाहरणांतील १,४०,००० रुपये या योजनेंत बसणाऱ्या घरास द्यावे लागत नाहींत. परंतु ही सवलत जन्मांत एकदांच मिळते. ती पदवीसाठीं घ्यावी किंवा पुढील शिक्षणासाठीं. तसेंच, आजारासारखें कारण नसतां मुलानें शिक्षण अर्ध्यावर सोडलें तर ती जाते.

२०१५ सालीं केंद्र सरकारनें कर्ज हमी निधि स्थापिला. त्यामुळें साडेसात लाखांपर्यंतचें कर्ज बुडाल्यास त्याच्या शेंकडा ७५ भागाची हमी बँकेस मिळते, आणि बँकेनें त्यासाठीं जमीन अगर घर गहाण मागण्याचें कारण राहत नाहीं. चार लाखांपर्यंत तर रिझर्व्ह बँकेच्या आदेशाप्रमाणें तारण मागतांच येत नाहीं. त्याहून अलीकडील म्हणजे नोव्हेंबर २०२४ मध्यें मंजूर झालेली प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी योजना होय. तींत निवडक नामांकित संस्थांत गुणवत्तेवर प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यास विनातारण व विनाजामीन कर्ज मिळतें. कुटुंबाचें उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल व दुसरी सरकारी शिष्यवृत्ति अगर व्याजसवलत मिळत नसेल, तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणाच्या मुदतींतील व्याजांत शेंकडा तीनची सूट, दरसाल एक लाख विद्यार्थ्यांपर्यंत, देण्याची व्यवस्था आहे.

परंतु कर्जाच्या आधीं कर्ज न लागेल असें साह्य पाहावें, हा आमचा आग्रह आहे. महाराष्ट्र सरकारची राजर्षि छत्रपति शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ति, तसेंच अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांस वसतिगृहाच्या खर्चासाठीं मिळणारा डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता, यांचा लाभ पुष्कळांस माहीत नसल्यामुळें राहून जातो. २०२४-२५ या वर्षापासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या फींत पूर्ण सवलत देण्यांत आली आहे. मात्र अशा सवलती सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेंतून घेतलेल्या जागेस मिळतात; व्यवस्थापनाच्या कोट्यांतून घेतलेल्या जागेस त्या मिळत नाहींत. एजंटाच्या बोलण्यावर भुलून जो बाप व्यवस्थापनाची जागा घेतो, तो चढी फी देतो आणि वर सवलतहि गमावतो.

थकल्यावर काय होतें?

हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकला कीं बँक तें खातें अनुत्पादक ठरविते. डिसेंबर २०२० अखेर देशांतील शैक्षणिक कर्जांपैकीं सुमारें शेंकडा साडेनऊ रक्कम अशा थकलेल्या खात्यांत होती, असें सरकारनें संसदेंत सांगितलें. शंभर रुपयांपैकीं साडेनऊ रुपये अडकले, हा आंकडा लहान नाहीं.

खातें थकलें कीं त्याची नोंद पतमापन संस्थांकडे जाते. लोक जिला सिबिल म्हणतात ती हीच नोंद. ती मुलाच्या नांवें होते तशी सहकर्जदार बापाच्याहि नांवें होते, आणि मग ट्रॅक्टरचें कर्ज, ठिबक सिंचनाचें कर्ज, कधीं पीककर्ज देखील अडतें. धाकट्या बहिणीच्या शिक्षणासाठीं कर्ज मागतांना थोरल्या भावाची थकबाकी आडवी येते. केरळ उच्च न्यायालयानें २०२३ सालीं, केवळ सिबिलचा आंकडा कमी आहे म्हणून विद्यार्थ्याचें कर्ज नाकारूं नये, असा निर्णय दिला. पण न्यायालयाच्या पायरीपर्यंत जाण्याचें बळ प्रत्येक घरांत नसतें.

जमीन जाईल काय, हा प्रश्न आम्हांस सर्वांत अधिक विचारला जातो. २००२ सालच्या ज्या कायद्यानें बँका न्यायालयांत न जातां तारणाचा ताबा घेतात, त्या कायद्याच्या ३१ व्या कलमानें शेतजमीन वगळलेली आहे. तेव्हां बँकेचा माणूस उद्यां येऊन शेतांत पाटी लावील, ही भीति निराधार आहे. पण यावरून निर्धास्त होणेंहि बरें नव्हे. बँक दिवाणी दावा लावूं शकते, हुकूमनामा मिळवूं शकते, व खर्च कर्जदाराच्या माथीं बसतो. जुन्या दामदुपटीच्या नियमाप्रमाणें व्याज मुद्दलाहून अधिक घेतां येत नाहीं, असेंहि कोणी सांगतात. सावकाराच्या देण्यांत तो आधार पुष्कळांस लाभला. आजच्या बँकेच्या कर्जास मात्र तो लागू पडेल या भरंवशावर बसूं नये.

माफीची आशा

याहून घातक अशी एक समजूत गांवांत पसरलेली आम्ही पाहतों. "आज ना उद्यां सरकार माफ करील, मग भरावें कशाला?" २००८ सालीं केंद्र सरकारनें, आणि २०१७ व २०१९ सालीं महाराष्ट्र सरकारनें कर्जमाफी दिली हें खरें. पण त्या तिन्ही माफ्या शेतीच्या कर्जाच्या होत्या. शैक्षणिक कर्जाचा एक रुपयाहि त्यांत नव्हता. केरळ सरकारनें २०१७ सालीं शैक्षणिक कर्ज फेडण्यास मदत करण्याची योजना काढली, परंतु तींतहि सरकारनें आपला वाटा उचलला तो कर्जदारानें आपला वाटा भरावा या अटीवर, आणि सरकारचा वाटा दरसाल घटत जाणारा होता.

परदेशांतील एक उदाहरण सांगण्याजोगें आहे. अमेरिकेंत सुमारें सव्वाचार कोटि लोकांच्या डोक्यावर सरकारी शैक्षणिक कर्ज आहे. २०२२ सालच्या ऑगस्टांत तेथील अध्यक्षांनीं प्रत्येकीं दहा हजार डॉलरपर्यंत, व कांहींस वीस हजारांपर्यंत, माफी जाहीर केली. लाखों लोकांनीं अर्ज केले. परंतु जून २०२३ मध्यें तेथील सर्वोच्च न्यायालयानें ती योजना रद्द केली, आणि त्याच शरद ऋतूंत, साथीच्या काळापासून साडेतीन वर्षें थांबलेले हप्ते पुनः सुरू झाले. ज्यांनीं माफीच्या आशेवर घर चालविलें, त्यांची स्थिति पाऊस पडेल म्हणून धूळपेरणी करून बसलेल्या शेतकऱ्यासारखी झाली.

पैसेवारीचा न्याय

तथापि सारा दोष कर्जदाराचा, असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. यांत धोरणाचा एक मोठा दोष आहे, आणि तो महसूल खात्यांत आयुष्य घालविलेल्या माणसास चटकन दिसतो.

इंग्रजी अमलांत १८८३ व १८८४ सालच्या कायद्यांनीं तगाईची पद्धति बसली. ती वसुली महसुलाच्या थकबाकीप्रमाणें सक्तीची असे. तरी देखील पीक बुडालें कीं वसुली तहकूब ठेवण्याची रीत होती. आजहि गांवाची पैसेवारी पन्नासच्या आंत आली व दुष्काळ जाहीर झाला, कीं जमीन महसुलांत सूट मिळते, शेतीच्या कर्जाच्या वसुलीस स्थगिति मिळते, सहकारी कर्जाचें पुनर्गठन होतें, इतकेंच नव्हे तर शाळा-कॉलेजांतील विद्यार्थ्यांची परीक्षा फीहि माफ होते. यामागचा न्याय साधा आहे: ज्याच्या शेतांत पिकलेंच नाहीं, त्याच्याकडे मागूं नये, पिकेल तेव्हां मागावें.

आतां पाहा. दुष्काळाच्या वर्षीं मुलाची कांहींशें रुपयांची परीक्षा फी सरकार माफ करतें, पण त्याच घरांतील हजारों रुपयांचा शैक्षणिक कर्जाचा हप्ता जसाच्या तसा चालू राहतो. शिवाय विद्येच्या शेताचीहि पैसेवारी असतेच. कोणास पदवी मिळतांच चांगली नोकरी लागते, कोणास दोन वर्षें लागत नाहीं, कोणास लागते ती दहाबारा हजारांची. पण हप्ता सर्वांस एकच. सोळा आणे पिकलेल्या व चार आणे पिकलेल्या शेताकडून एकच सारा घ्यावा, असा हा प्रकार आहे.

हा न्याय विद्येच्या कर्जास लावतां येतो, हें दुसऱ्या देशांनीं दाखविलें आहे. ऑस्ट्रेलियानें १९८९ सालापासून अशी पद्धति ठेविली कीं, विद्यार्थ्यानें शिकून नोकरी धरल्यावर त्याची मिळकत ठराविक मर्यादेच्या वर गेली तरच फेड सुरू होते, व ती प्राप्तिकराबरोबर वसूल होते. इंग्लंडांतहि मर्यादेच्या वरील मिळकतीच्या शेंकडा ९ इतकीच पदवीच्या कर्जाची फेड घेतात, आणि ठराविक वर्षांनीं, २०२३ पासूनच्या नव्या विद्यार्थ्यांस चाळीस वर्षांनीं, उरलेलें देणें सोडून देतात. या पद्धतींतहि दोष आहेत. देणें दीर्घकाळ मागें राहतें, आणि न फिटलेला भाग शेवटीं करदात्यावर पडतो. आमच्या देशांत पुष्कळ लोकांची मिळकत प्राप्तिकराच्या दप्तरांत येतच नाहीं, म्हणून ती जशीच्या तशी उचलतां येणार नाहीं, हेंहि आम्ही जाणतों. परंतु तीन गोष्टी सरकारनें खास करण्यासारख्या आहेत. पहिली, दुष्काळ जाहीर झालेल्या गांवांत शैक्षणिक कर्जाच्या वसुलीसहि स्थगिति द्यावी व त्या काळाचें व्याज मुद्दलांत मिळवूं नये. दुसरी, पगार ठराविक आंकड्याच्या खालीं असेल तोंवर हप्ता व्याजापुरताच असावा. तिसरी, ज्या कॉलेजास सरकारी हमीच्या कर्जाचा पैसा फीच्या रूपानें मिळतो, त्यानें आपले किती विद्यार्थी किती पगारावर लागले याचा तपासलेला तक्ता प्रवेशापूर्वीं प्रसिद्ध करावा. बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्तीचा आंकडा छापावा लागतो. चार लाखांच्या शिक्षणावर तो कां नसावा?

आमच्या बंधूंस सूचना

धोरण बदलेल तेव्हां बदलेल. तोंवर प्रत्येकानें आपलें घर संभाळावें, म्हणून थोडक्यांत सांगतों.

उत्पन्नाचा दाखला तहसील कचेरींतून वेळेवर काढावा. प्रवेशाच्या दिवसांत कचेरींत गर्दी होते, कागद अपुरे निघतात व मुदत टळते. आम्ही स्वतः असे कितीतरी निराश चेहरे परत जातांना पाहिले आहेत. दाखला एप्रिल-मे मध्येंच काढून ठेवणारा सुखी होतो.

कर्ज काढण्यापूर्वीं त्या कॉलेजांतून मागील दोन वर्षांत निघालेल्या आपल्या तालुक्यांतील चारदोन मुलांस भेटावें व पगार विचारावा. मुलाच्या संभाव्य पगाराच्या तिसऱ्या हिश्शाहून हप्ता मोठा होत असेल, तर पुनः विचार करावा.

सहकर्जदार म्हणून सही केली कीं आपण कर्जदारच आहों, हें मनाशीं पक्कें धरावें. बँकेंत आपला कायमचा गांवचा पत्ता व आपला स्वतःचा फोन नंबर द्यावा, आणि वर्षांतून एकदां खात्याचा उतारा मागून घ्यावा.

नोकरी न लागल्यास अगर सुटल्यास हप्ता चुकण्यापूर्वींच बँकेंत जाऊन लेखी अर्ज द्यावा. बेकारीच्या काळांत हप्ता कांहीं महिने पुढें ढकलणें, प्रथम लहान व पुढें वाढता हप्ता ठेवणें, मुदत पंधरा वर्षांपर्यंत वाढविणें, या गोष्टी नमुना योजनेंत बसतात. बोलून विसरण्यापेक्षां अर्जाची पोंच घेऊन ठेवावी. खातें थकून गेलें असेल तर लोकअदालतींत तडजोडीची वाट असते. पण तडजोडीची नोंदहि पतीच्या दप्तरांत राहते, म्हणून ती शेवटची समजावी.

आणि सर्वांत महत्त्वाची सूचना मुलांस आहे. हप्ता भरवत नसेल तर बापास सांगावें. वर ज्या गृहस्थांची हकीकत दिली, ते आमच्याबरोबर मुलाकडे गेले. मुलगा प्रथम समोर येईना, आला तेव्हां बाप एवढेंच म्हणाला, "अरे, सोयाबीन दोनदां गेलें तेव्हां मी तुझ्यापासून लपविलें होतें काय?" पुढें तिघे मिळून बँकेंत गेलों. मुदत वाढवून मिळाली, हप्ता उतरला, निम्मा मुलगा भरतो व निम्मा दुधाच्या पैशांतून जातो. पीककर्जाची अडचण सुटण्यास आणखी एक हंगाम जावा लागला, आणि त्या हंगामाचें बियाणें त्यांनीं उसनवारीवर आणलें. कर्ज अजून फिटलेलें नाहीं. पण यंदाच्या दिवाळींत मुलगा घरीं होता.

विद्या हें धन खरें; तें चोर नेत नाहीं व भाऊ वाटून घेत नाहीं. परंतु तें कर्ज काढून मिळविलें असेल, तर त्याचा हिशेब पेरणीइतकाच काळजीनें ठेवला पाहिजे. आमच्या बंधूंनीं हा अंक बाजूस ठेवण्यापूर्वीं ट्रंकेंतील तो कागद एकदां काढून वाचावा, आणि न समजल्यास जाणत्याकडून वाचून घ्यावा, एवढीच आमची विनंति आहे.